रात्री दुखतं, गोळीने थांबतं

रत्नागिरीजवळच्या भाट्येच्या वाळूत दिवस मावळेपर्यंत क्रिकेट खेळलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा रात्री एक-दोनच्या सुमाराला नडगी धरून उठून बसतो. घरातलं पहिलं निदान आजीचं असतं: "दिवसभर उड्या मारतोस, पाय दुखणारच. वाढीचं वय आहे." कोमट खोबरेल चोळलं जातं. फारच कळवळला तर कपाटातली दुखण्याची गोळी दिली जाते, तासाभरात पोर गाढ झोपतं आणि सकाळी दप्तर पाठीला लावून शाळेत जातं. दिवसा तक्रार नाही, मग डॉक्टरांकडे कशाला न्यायचं? हे कुणा एका घराचं वर्णन नाही. भाट्येत, पलीकडे मांडवीला, पुढे पावसला, कुठेही असंच घडतं. आणि बहुतेक घरांत आजीचंच निदान बरोबर ठरतं, हेही आधीच सांगून टाकतो.

एखाद्या घरात मात्र ते चुकतं. त्या मुलाच्या हाडात ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची बारीक गाठ असते. ही गाठ कॅन्सरची नाही. ती फुप्फुसात जात नाही, दुसऱ्या हाडात पसरत नाही, जिवावर उठत नाही. आकाराने बहुधा दीड सेंटिमीटरच्या आतच. पाच ते पंचवीस या वयात ती जास्त सापडते आणि मुलींपेक्षा मुलग्यांत दोन-तीन पट. हाडाच्या साध्या गाठी जेवढ्या होतात, त्यांत साधारण दहातली एक ही. निम्म्याहून अधिक वेळा ती मांडीच्या नाहीतर नडगीच्या हाडात बसते. एवढीशी गोष्ट, पण महिनोन्‌महिने घरातल्या कोणाचीच झोप पुरी होऊ देत नाही.

हाडांच्या सगळ्या गाठी सोडून मी हिच्यावरच जास्त लिहिणार आहे, त्याला कारण आहे. इथे यंत्रांच्या आधी मुलाची हकीकत बोलते. ती नीट ऐकली तर निदान जवळजवळ हातात येतं. ऐकली नाही, तर महिने काय, वर्षंही निघून जातात.

वाढीचं दुखणं हेही खरंच दुखणं आहे, शाळा बुडवायचं नाटक नव्हे. ते साधारण तीन ते बारा या वयात होतं, बहुतेक वेळा दोन्ही पायांना, पोटऱ्या-मांड्यांच्या स्नायूंत. आज होतं, मग आठ-दहा दिवस काहीच नाही. चोळलं की बरं वाटतं. "कुठे दुखतं रे?" म्हटलं तर मूल अख्ख्या पायावरून हात फिरवतं. गाठीचं दुखणं एकाच पायात, एकाच जागी असतं. मूल एक बोट टेकवून दाखवतं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं तरी बोट तिथेच येतं. गाठ कातडीच्या जवळ असेल तर चोळून घ्यायलाही ते तयार नसतं, हात लागताच पाय ओढून घेतं. सुरुवातीला दुखणं अधूनमधून येतं, मग रोज रात्री, मग दिवसाही थोडं थोडं जाणवू लागतं. आणि इब्युप्रोफेनसारखी गोळी घेतली की बघता बघता ओसरतं.

काही महिने गेले की आणखी एक खूण उमटते. दुखऱ्या पायावर भार द्यायचं मूल नकळत टाळतं, त्यामुळे त्या बाजूचे स्नायू वाळत जातात. हे घरी मोजता येतं. मूल सरळ झोपवावं, दोन्ही गुडघ्यांच्या वाटीपासून दहा सेंटिमीटर वर पेनाने खूण करावी आणि शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्यांचा घेर घ्यावा. थोडाफार फरक सगळ्यांचाच असतो. पण दोन सेंटिमीटरचा आला तर तो पाय काहीतरी सांगतो आहे. वाढत्या वयात गाठ हाडाच्या टोकाजवळ असली तर तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांबही होऊ शकतो. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं (२०१३ साली या कार्यक्रमाची देशातली सुरुवात आपल्या पालघरमधूनच झाली होती), तेव्हा सकाळी अकरा वाजता मूल धडधाकट असतं. रात्रीची गोष्ट त्याने किंवा आईने सांगितली तरच डॉक्टरांना कळणार.

या गाठीला स्वतंत्र ओळख मिळाली ती न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या हॉस्पिटल फॉर जॉइंट डिसीजेसमधले पॅथॉलॉजिस्ट हेन्री जाफी यांनी १९३५ साली पाच रुग्णांचा अभ्यास छापला आणि हा वेगळाच आजार आहे असं मांडलं. त्याआधी अशा हाडांना जुनाट जंतुसंसर्ग समजलं जाई. हाड जाड झालेलं, आत काहीतरी पोकळीसारखं, म्हणजे पू असणार, असा तर्क. सर्जन हाड उघडत आणि पू काही निघत नसे. जाफींनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं ते अर्धवट घडलेलं कोवळं हाड आणि त्यात गच्च भरलेल्या रक्तवाहिन्या.

तिची रचना भाट्येत सांगायला तर फारच सोपी. १९५५ पासून जिथे नारळ संशोधन केंद्र आहे त्या गावात दुसरी उपमा कशाला हवी? बाहेर टणक करवंटी, आत मऊ मगज. मगज म्हणजे खरी गाठ, लालसर, सेंटिमीटरभराची. करवंटी म्हणजे तिच्याभोवती शरीराने रचलेलं जाड, घट्ट हाड. हे जाड हाड आजार नव्हे, तो शरीराचा प्रतिसाद. आतल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन नेहमीच्या हाडापेक्षा शेकडो पटींनी बनवतात. त्याने रक्तवाहिन्या फुगतात, कोंडलेल्या जागेत दाब वाढतो आणि गाठीत शिरलेले मज्जातंतू ठणकू लागतात. इब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या जातीच्या गोळ्या हेच रसायन तयार होऊ देत नाहीत. म्हणजे गोळी इथे दुखणं नुसतं झाकत नाही, ते जिथे तयार होतं तिथेच अडवते. पॅरासिटामॉल त्या मानाने फिकं पडतं, तेही याचमुळे.

गोळ्यांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे मेडिकलवाल्याला नुसतं "पायदुखीची द्या" म्हटलं तरी भागतं. जुन्या पुस्तकांत या आजाराची खूण म्हणून अ‍ॅस्पिरिनचं नाव येतं, पण लहान मुलांना ती घरच्या घरी देऊ नये. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला अ‍ॅस्पिरिन दिली तर राय सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा विकार होऊ शकतो. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून देशात बंदी आहे, तरी घराघरांतल्या डब्यांत ती सापडते. इब्युप्रोफेनही रोज रात्री महिनेच्या महिने घेतली तर जठर आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. पावसाळ्यात ताप असेल तर तीही नको: डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढवायला ती पुरेशी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोळीने बरं वाटलं म्हणजे गाठ साधीच, असा निकाल घरी लावायचा नाही. घातक गाठीचं दुखणंही काही दिवस गोळीला दबतं.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर पहिला एक्स-रे निघतो आणि बरेचदा तिथेच फसगत होते. पांढरं जाड हाड दिसतं, मगज त्यात लपून जातो. जुनं फ्रॅक्चर असेल, संसर्ग असेल, असे तर्क सुरू होतात. एमआरआय महाग, म्हणून तो जास्त खरा असं लोक धरून चालतात. या गाठीत तो उलट दिशाभूल करू शकतो, कारण आसपासची सूज त्यात एवढी भडक उठते की मूळ गाठ हरवते आणि मोठ्या आजाराची भीती उभी राहते. खरं चित्र देतो सीटी स्कॅन, तोही बारीक कापांचा. मुलाने जिथे बोट ठेवलं त्याच जागेचे एक-एक मिलिमीटरचे काप घेतले की जाड हाडात एक काळसर गोल दिसतो आणि कधी त्याच्या मध्यावर पांढरा ठिपका. ते बोट चिठ्ठीवर लिहून जायला हवं, एरवी सीटी काढणारा तंत्रज्ञ अख्खी मांडी जाड कापांत काढून मोकळा होतो.

गाठ खुब्याच्या सांध्यात असेल तर खेळ आणखी फिरतो. खुब्याचे आणि गुडघ्याचे मज्जातंतू काही अंतर एकत्र जातात, म्हणून गाठ खुब्यात आणि मूल दाखवतं गुडघा. गुडघ्याचा एक्स-रे साफ येतो. सांध्याच्या आत हाड फारसं जाडही होत नाही, नुसतं पाणी होतं, सांधा आखडतो. आपल्या देशात लंगडणारं मूल आणि सुजलेला खुबा म्हटलं की डॉक्टरांच्या मनात टीबी आधी येतो. ती शंका गैर नाही. पण तपासणीत टीबीचा पुरावा नसताना औषधं सुरू झाली आणि महिना-दोन महिन्यांत काडीचा फरक पडला नाही, तर रात्रीच्या दुखण्याचा प्रश्न नव्याने विचारायला हवा. गुडघा दुखतोय म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाचा खुबा हलवून बघावा हा ऑर्थोपेडिक्समधला जुना धडा आहे आणि तो घाईत सर्रास विसरला जातो.

मणक्यातली गाठ वेगळ्याच रूपाने पुढे येते. आईला जाणवतं की गणवेशाचा एक खांदा खाली पडतोय, पाठ एका बाजूला कलली आहे. किशोरवयात पाठीला बाक येणं तसं विरळ नाही, मुलींत जास्त; पण तो बाक सहसा दुखत नाही. बाकही आहे आणि रात्री दुखतंही आहे, अशी जोडी जमली की मणक्याच्या मागच्या भागात ही गाठ शोधायची असते. बाकाच्या आतल्या, म्हणजे दबलेल्या बाजूला ती बहुधा असते.

आणि मणक्यातली ही गाठ किती जुनी असावी? दक्षिण आफ्रिकेत मालापा नावाच्या जागी २००८ साली ली बर्जर या पुराजीवशास्त्रज्ञाच्या नऊ वर्षांच्या मुलाला, मॅथ्यूला, एका दगडात हाड दिसलं. ते निघालं ऑस्ट्रॅलोपिथेकस सेडिबा या मानवपूर्व जातीच्या एका मुलाचं, सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या. आजच्या हिशोबाने वय बारा-तेरा. तिथल्या शाळकरी मुलांच्या स्पर्धेतून त्याला काराबो हे नाव मिळालं. त्याच्या छातीमागच्या सहाव्या मणक्यात एक खळगा होता. संशोधकांनी तो त्रिमितीय स्कॅनने तपासला आणि २०१६ साली जाहीर केलं की ही साधी गाठ आहे, बहुधा ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. माणसाच्या कुळात सापडलेली ही तोवरची सर्वात जुनी गाठ. चुकीचं खाणं, मोबाइलचे टॉवर, रासायनिक खतं, आपल्या गाठींचे जे जे गुन्हेगार गप्पांत पकडले जातात त्यांतला एकही तेव्हा नव्हता. मुलाच्या हाडात गाठ निघाली की आई स्वतःच्या डोहाळ्यांपर्यंत मागे जाऊन कारण शोधते. तिला ही काराबोची गोष्ट कोणीतरी सांगावी.

उपचाराचं म्हणाल तर पहिला पर्याय काहीच न करण्याचा आहे आणि तो खरोखरचा पर्याय आहे. ही गाठ अनेकांत तीन, पाच, सात वर्षांत आपोआप विझते. मोठ्या मुलाला अधूनमधून गोळी पुरत असेल, पोट साथ देत असेल आणि डॉक्टर लक्ष ठेवून असतील तर थांबता येतं. पण दहावीचं वर्ष तोंडावर असताना रोज रात्री जागणाऱ्या मुलाला "होईल हो पाच वर्षांत कमी" म्हणणं मला तरी जमणार नाही.

पूर्वी ऑपरेशन एकच होतं: हाड उघडून गाठीसकट तुकडा काढायचा. अडचण अशी की टेबलावर उघड्या हाडात सेंटिमीटरभराची गाठ दिसतच नाही, वरून सगळं सारखंच पांढरं. म्हणून सर्जन खात्रीसाठी मोठा तुकडा काढत, मग हाड कमकुवत होई, प्लेट बसवावी लागे, महिनोन्‌महिने कुबड्या. यावर एक मजेदार तोड निघाली होती. रुग्णाला आधी काही दिवस टेट्रासायक्लिन द्यायचं. हे औषध नव्याने बनणाऱ्या हाडात साठतं आणि अतिनील दिव्याखाली पिवळं चमकतं. ऑपरेशनच्या खोलीत अंधार करून चमकणारा ठिपका शोधायचा. युक्ती झकासच, पण पुढे तिची गरज फारशी उरली नाही.

१९९२ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डॅनियल रोझेंथाल आणि त्यांचे सहकारी यांनी गाठ न कापता जागच्या जागी जाळायची पद्धत मांडली. मुलाला भूल देऊन सीटीच्या टेबलावरच झोपवतात. काप बघत बघत कातडीवर सुईएवढं छिद्र घेऊन, हाडाला बारीक भोक पाडून, गाठीच्या बरोबर मध्यात टोक नेतात. त्याच वाटेने गाठीचा कण तपासणीला घेता येतो. मग रेडिओलहरींनी टोकाभोवतालचा भाग साधारण नव्वद अंश सेल्सियसपर्यंत तापवून चार-सहा मिनिटं तसाच ठेवतात. टोकाभोवती सेंटिमीटरभर गोलातल्या पेशी मरतात. टाका लागलाच तर एखादा. नडगीवर कातडी पातळ, त्यामुळे ती भाजू नये म्हणून जपावं लागतं. मणक्यात मज्जारज्जू शेजारी असतो, तिथे हा उपचार करावा की नाही हे अंतर मोजूनच ठरतं. पण मांडी-नडगीच्या गाठींत दहातले नऊ रुग्ण एका बैठकीत मोकळे होतात.

बाकीच्या साध्या गाठींची ओळख थोडक्यात. सर्वांत जास्त आढळते ती ऑस्टिओकाँड्रोमा, गुडघ्याजवळ किंवा खांद्याजवळ बाहेर आलेलं हाडाचं टेंगूळ, वर कुर्चेची टोपी. मूल वाढतं तोवर तेही वाढतं, उंची थांबली की थांबतं. शिरेला, नसेला किंवा हालचालीला आड येत नसेल तर काढायची गरज नाही. मात्र मोठेपणी ते पुन्हा वाढू लागलं तर दाखवायलाच हवं. काही घराण्यांत अशी टेंगळं अंगभर असतात आणि बापाकडून किंवा आईकडून मुलांत उतरतात. दुसरा प्रकार हाडातल्या पाण्याच्या पोकळीचा. हा तर दुखतच नाही. सीमारेषेवरून चेंडू जोरात फेकताना दंडाचं हाड काडकन मोडतं आणि एक्स-रेत कळतं की हाड तिथे आधीच पोकळ होतं. तिसरा, नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा, पाय मुरगळला म्हणून काढलेल्या एक्स-रेत अचानक दिसतो, मोठा होता होता भरून जातो. रेडिओलॉजिस्टच्या अहवालात त्याचं नाव वाचून घरात रडारड होते, एवढाच त्याचा खरा उपद्रव.

वाईट गाठही याच वयात आणि याच गुडघ्याभोवती होते, ही यातली अडचणीची गोष्ट. आठवड्यागणिक वाढणारी सूज, दिवसरात्र चढत जाणारं दुखणं, कातडीवर ताणलेल्या शिरा, उतरणारं वजन, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात एक्स-रे. अशा सुजेवर मालिश नको, शेक नको, हाडवैद्याचा पट्टा तर नकोच. आणि तुकडा काढून तपासायचा असेल तर तो पुढचं ऑपरेशन करणाऱ्या तज्ज्ञांनीच काढावा. छेद भलत्या जागी घेतला गेला तर पाय वाचवण्याचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

भाट्येकराला पहिल्या एक्स-रेसाठी फार लांब जावं लागत नाही. खाडीवरचा पूल ओलांडला की शहर, शहरात सिव्हिल, आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. पुढे सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय, आंबा घाटापलीकडे कोल्हापूरचं सीपीआर. मुंबईला जायचं झालं तर केईएम, वाडिया मुलांचं रुग्णालय आणि १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल, तिन्ही परळला एकमेकांना लागून आहेत. टाटात हाडांच्या गाठींसाठी स्वतंत्र तज्ज्ञगटच आहे. तिथे नाव काढायचं म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. साध्या गाठींचे रुग्णही तिथे जातात. निघण्यापूर्वी रेशनकार्ड, आधार आणि सगळ्या स्कॅनच्या सीडी घ्या. नुसता कागदी अहवाल नेला की तिथे पुन्हा स्कॅन करायला सांगतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारायचं.

गाठ जाळल्यावर मूल बहुधा दुसऱ्या दिवशी चालत घरी येतं. भोक पाडलेल्या जागी हाड काही काळ नाजूक असतं, म्हणून तीनेक महिने उड्या नाहीत, झाडावर चढणं नाही, पळापळीचं क्रिकेट नाही. छिद्राची जागा एक-दोन दिवस ठणकते, पण ते दुखणं वेगळं आहे हे मूलच सांगतं. जुनं दुखणं बहुतेकदा त्याच आठवड्यात गेलेलं असतं. साधारण दहात एकाला ते परत येतं, बहुधा पहिल्या दोन वर्षांत. तीच जागा आणि तीच रात्रीची वेळ असेल तर जुन्या सीडी घेऊन त्याच डॉक्टरांकडे जायचं. दुसऱ्या वेळी पुन्हा तीच सुई वापरतात आणि बहुतेकांना ती पुरते.